सुएझचा करार आणि पंचाचे आसन

करारनाम्याचे शेवटचे कलम सहसा कोणी मन लावून वाचत नाही. किंमत किती, मुदत किती, नफ्यात कोणाचा वाटा किती, ही कलमे दोन्ही पक्ष डोळ्यांत तेल घालून तपासतात. 'वाद उद्भवल्यास तो कोणी सोडवावा' एवढेच सांगणारे दोन ओळींचे कलम मात्र सह्यांच्या घाईत नजरेआड होते. सरकारी दप्तरात वावरणाऱ्या माणसाला हा अनुभव नवा नाही. सर्व सुरळीत चालले असेल तोवर त्या कलमाला काही मोल नसते. आणि एकदा बिनसले की साऱ्या करारात तेवढे एकच कलम उरते.

विकासाच्या वाटेवर असलेल्या परक्या देशात पैसा गुंतवणाऱ्याला जी भीती वाटते तिला 'राजकीय जोखीम' असे नाव आहे. पीक बुडेल, भाव कोसळतील, यंत्र मोडेल, या जोखमी व्यापारी जाणतो आणि सोसतो. पण सरकार बदलले, कायदा बदलला, एका रात्रीत मालमत्ता सरकारजमा झाली, तर दाद कोणाकडे मागावी, ही धास्ती निराळी. तिच्यावर उतारा म्हणून 'कायद्याचे राज्य' हवे असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. मात्र हे सांगताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते. कायदा मोडणारा तो यजमान देश आणि कायद्याच्या आश्रयाला आलेला तो पाहुणा भांडवलदार, असे ते गृहीत. इतिहास इतका सरळ नाही. तो किती वाकडातिकडा आहे हे पाहावयाचे असेल, तर सुएझ कालव्याच्या कंपनीची १८५४ पासून १९६३ पर्यंतची कथा मुळातून पाहावी. या शतकभराच्या कथेत करार अनेक झाले आणि वादही अनेक झाले. पण खरा प्रश्न प्रत्येक वेळी एकच होता. पंचाच्या आसनावर कोण बसणार?

१८५४ साली सैद पाशा इजिप्तच्या गादीवर आला. इजिप्त तेव्हा नावाला तुर्कस्तानच्या सुलतानाचा मुलूख होता. कारभार मात्र बराचसा स्वतंत्र. फर्दिनांद द लेसेप्स हे पूर्वी फ्रेंच वकील म्हणून इजिप्तमध्ये राहिलेले गृहस्थ सैदच्या बालपणीचे स्नेही होते. लठ्ठ राजपुत्राला वडिलांनी मोजके खाणे लावून दिले होते आणि तो लेसेप्स यांच्या घरी येऊन चोरून पोटभर मॅकरोनी खाई, अशी आख्यायिका आहे. तिच्यात तथ्य किती हे सोडून द्या. पण मैत्री खरी होती. सैद गादीवर आल्याची वार्ता कळताच लेसेप्स इजिप्तला पोचले आणि ३० नोव्हेंबर १८५४ रोजी भूमध्य समुद्र व तांबडा समुद्र जोडणारा कालवा खोदण्याची सनद त्यांच्या हाती पडली. ५ जानेवारी १८५६ ला तपशीलवार दुसरी सनद निघाली.

या सनदेच्या अटी वाचल्या म्हणजे ती मैत्रीच्या भरात लिहिली गेली हे सांगावे लागत नाही. कालवा वाहतुकीस खुला झाल्यापासून ९९ वर्षे तो कंपनीच्या ताब्यात राहावयाचा. कालव्यासाठी लागणारी सरकारी जमीन विनामूल्य मिळावयाची; गोड्या पाण्याचा एक कालवा काढून त्याच्या काठची पडीक जमीन लागवडीस आणण्याचा हक्कही कंपनीचाच. इजिप्तच्या सरकारला निव्वळ नफ्याचा शेकडा १५ वाटा. आणि कामावरील मजुरांपैकी किमान चार पंचमांश इजिप्तचे असावेत, अशी एक अट होती. वरवर पाहता ही अट यजमान देशाच्या हिताची दिसते. पण इजिप्तमध्ये मजूर मिळवण्याची रूढ पद्धत वेठबिगारीची होती. फेलाहिनांना, म्हणजे तिथल्या गरीब शेतकऱ्यांना, गावोगावहून सरकारी हुकमाने आणले जाई. काम भरात असताना एका वेळी सुमारे २०,००० माणसे वाळवंटात खपत होती. तितकीच बदलीवर येत होती आणि तितकीच परतीच्या वाटेवर असत. त्यांना कंपनी थोडी मजुरी देई. पण शेत टाकून यावयाचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्यापाशी नव्हता.

कंपनीचे भांडवल २० कोटी फ्रँकचे; ५०० फ्रँकचा एक याप्रमाणे ४ लाख भाग. फ्रान्समध्ये निम्म्याहून थोडे अधिक भाग खपले. इंग्लंडने पाठ फिरवली. उरलेले भाग पदरात घेण्याची पाळी सैदवर आली. अशा रीतीने सुमारे १ लाख ७७ हजार भाग इजिप्तच्या माथी आले. जमीन त्याची, मजूर त्याचे आणि भांडवलाचा चाळीस टक्क्यांहून मोठा हिस्साही त्याचाच. कंपनीचा कारभार मात्र पॅरिसहून चाले.

१८६३ मध्ये सैद वारला आणि त्याचा पुतण्या इस्माइल गादीवर आला. वेठबिगारीविरुद्ध इंग्लंडने गिल्ला चालवला होता. फेलाहिनांविषयीच्या कळवळ्याइतकाच फ्रान्सविषयीचा मत्सर त्यामागे होता. तुर्की सुलतानानेही वेठीचे मजूर देणे थांबवावे आणि कंपनीला दिलेली जमीन परत घ्यावी असा आग्रह धरला. कंपनी म्हणाली, हा करारभंग आहे, भरपाई द्या. वाद लवादाकडे सोपवण्याचे ठरले. आणि पंच कोण? फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन. ज्या कंपनीचे बहुसंख्य भागधारक फ्रेंच, जिचे प्रवर्तक त्याच्या राणीचे नातलग, त्या कंपनीचा आणि परक्या देशाचा वाद त्याने तोडावयाचा होता.

६ जुलै १८६४ रोजी निवाडा आला. वेठीचे मजूर बंद केल्याबद्दल ३ कोटी ८० लाख फ्रँक, जमीन परत घेतल्याबद्दल ३ कोटी, गोड्या पाण्याच्या कालव्यापोटी १ कोटी ६० लाख. एकूण ८ कोटी ४० लाख फ्रँक इजिप्तने कंपनीला द्यावेत! कंपनीच्या साऱ्या भांडवलाच्या चाळीस टक्क्यांहून ही रक्कम अधिक होती. आपल्याच रयतेला वेठीतून सोडवल्याबद्दल आणि आपलीच जमीन परत घेतल्याबद्दल एका राज्याने दंड भरावा, असा तो न्याय. कायद्याच्या भाषेत त्यात खोट काढणे कठीण होते. करार होता, तो मोडला गेला होता, पंच दोघांनी मानला होता. तरी इजिप्तच्या मनात 'लवाद' या शब्दाला जो कडवटपणा चिकटला तो तेव्हापासून. न्याय झाला एवढ्याने भागत नाही. तो झाला असे हरणाऱ्यालाही वाटावे लागते.

या निवाड्यानंतर २२ फेब्रुवारी १८६६ रोजी सरकार आणि कंपनी यांच्यात नवा करारनामा झाला. त्याच्या सोळाव्या कलमात असे म्हटले होते की कंपनी ही इजिप्तची कंपनी आहे आणि ती त्या देशाच्या कायद्यांना व रूढींना बांधलेली आहे. भागधारकांचे आपसांतील संबंध तेवढे फ्रेंच कायद्याने चालावेत. सरकार आणि कंपनी यांच्यातले वाद इजिप्तच्या न्यायालयांत इजिप्तच्या कायद्याप्रमाणे तुटावेत, अशीही तरतूद होती. तेव्हा या शब्दांकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. नव्वद वर्षांनी मात्र साऱ्या जगाच्या वकिलांना ते शोधून काढावे लागले.

१७ नोव्हेंबर १८६९ ला कालवा खुला झाला. फ्रान्सची सम्राज्ञी, ऑस्ट्रियाचा सम्राट, राजे-राजपुत्र यांच्या उपस्थितीत मोठा सोहळा झाला. मुंबईहून लंडनला आफ्रिकेला वळसा घालून जाणारी वाट हजारो मैलांनी आखडली. पण इजिप्तच्या खजिन्यात तेव्हा खडखडाट होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांप्रमाणे इजिप्तही त्या भरतीवर तरंगला आणि ओहोटीबरोबर आपटला. इस्माइलला कैरोचे पॅरिस करावयाचे होते. रेल्वे, कालवे, शाळा यांवर त्याने पैसा खर्चला, राजवाड्यांवरही खर्चला. सावकारांनी उणे दराने रोखे घेऊन हातावर थोडे ठेवले आणि कागदावर पुष्कळ लिहून घेतले. १८७६ पर्यंत कर्जाचा आकडा ९ कोटी पौंडांच्या आसपास गेला. यात दोष एकट्या सावकारांचा नव्हता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. जिथे राजाचा खिसा आणि देशाचा खजिना यांत भेद नसतो आणि हिशेब विचारणारी सभा नसते, तिथे राजाची सही ही देशाच्या मानेवरचे जोखड ठरते.

नोव्हेंबर १८७५ मध्ये इस्माइलने कालव्याचे आपले भाग विकावयास काढले. ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांनी पार्लमेंट भरण्याची वाट न पाहता रॉथशील्ड पेढीकडून कर्ज काढले आणि १,७६,६०२ भाग सुमारे ४० लाख पौंडांना खरेदी केले. या भागांवरील लाभांश इजिप्तने १८९४ पर्यंत आधीच गहाण टाकला होता. म्हणून तोवर इजिप्तने ब्रिटनला सालिना शेकडा ५ दराने व्याज द्यावे असे ठरले. १८८० साली, इस्माइल पदच्युत झाल्यानंतर, नफ्यातला तो शेकडा १५ चा हक्कही २ कोटी २० लाख फ्रँकला एका फ्रेंच बँकेस विकला गेला. आता कालवा इजिप्तच्या भूमीवर होता, एवढाच त्याचा व इजिप्तचा संबंध उरला. ज्या वर्षांत कालव्याचा नफा खऱ्या अर्थाने वाढला, त्या वर्षांत यजमानाच्या ताटात काही पडले नाही. ही स्थिती अर्धशतकाहून अधिक काळ राहिली.

कर्ज थकले तेव्हा पंचाचे आसन पुन्हा सावकारांनीच घेतले. १८७६ मध्ये सार्वजनिक कर्जाचा आयोग नेमला गेला. युरोपीय प्रतिनिधी इजिप्तचा वसूल स्वतः घेऊ लागले. त्याच वर्षी 'मिश्र न्यायालये' सुरू झाली. परदेशी माणसाचा संबंध असलेले दिवाणी दावे त्यांत चालत आणि न्यायाधीशांत परदेशीयांचे बहुमत असे. ही न्यायालये वाईट होती असे म्हणता येत नाही. त्यांतील अनेक न्यायाधीश विद्वान आणि निःस्पृह होते. तरी आपल्याच देशात आपल्याला परक्याच्या कचेरीत उभे राहावे लागते, ही बोच साध्या इजिप्ती माणसाच्या मनातून गेली नाही. ती न्यायालये १९४९ मध्ये बंद झाली. १८८२ मध्ये अराबी पाशाच्या नेतृत्वाखाली असंतोष उसळला, तेव्हा ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या आणि सप्टेंबरमध्ये तेल-एल-केबीरच्या लढाईनंतर देश ताब्यात घेतला. कर्जवसुलीसाठी बेलिफाऐवजी सैन्य आले, आणि ते जावयास सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला.

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने पाहिले तर हा सुवर्णकाळ होता. राजकीय जोखीम जवळजवळ शून्य! पण ती जोखीम नाहीशी झालेली नव्हती. ती साचत होती. १९१० मध्ये कंपनीने सनदेची मुदत १९६८ पासून ४० वर्षांनी, म्हणजे २००८ पर्यंत वाढवून मागितली. इजिप्तमध्ये गदारोळ झाला. या वाटाघाटींत भाग घेणारे पंतप्रधान बुत्रोस घाली यांची त्याच वर्षी हत्या झाली. तिच्यामागील कारणांत हेही एक सांगितले गेले. तिथल्या सभेने प्रस्ताव फेटाळला. तो फेटाळणे हा साचलेल्या रागाचा पहिला मोठा इशारा होता. पॅरिसच्या संचालकांना तो उमगला असता तर पुढले बरेच टळले असते. त्यांनी इजिप्तला नफ्यात पुन्हा वाटा आणि संचालक मंडळात जागा दिल्या त्या १९३० नंतरच्या दशकात, थेंबाथेंबाने. १९४९ च्या करारात हा वाटा शेकडा ७ झाला. उशिरा दिलेल्या न्यायाला कोणी उपकार मानत नाही.

श्रोतेहो, २६ जुलै १९५६ ची रात्र आता या पार्श्वभूमीवर पाहावी. आस्वान धरणासाठी देऊ केलेली मदत अमेरिकेने १९ जुलैला मागे घेतली होती. आठवड्याने अलेक्झांड्रियातील सभेत अध्यक्ष नासर बोलावयास उभे राहिले. भाषणात त्यांनी 'लेसेप्स' हे नाव वारंवार उच्चारले. तो संकेत होता. ते नाव आकाशवाणीवरून ऐकताच महमूद यूनुस यांच्या माणसांनी कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. कालवा खोदताना १,२०,००० इजिप्ती मेले, असे नासर त्या भाषणात म्हणाले. हा आकडा इतिहासकार मानत नाहीत. पण श्रोत्यांनी तो मानला. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या वेठीचा हिशेब कोणी कधी दिलाच नव्हता.

राष्ट्रीयीकरणाचा कायदा, १९५६ चा क्रमांक २८५, नीट वाचण्यासारखा आहे. भागधारकांना पॅरिसच्या शेअरबाजारातील आदल्या दिवशीच्या बंद भावाने मोबदला द्यावयाचा होता. म्हणजे ही लूट नव्हती. पण कंपनीची सारी मालमत्ता हाती आल्यावरच मोबदला मिळेल, अशी मेख त्यात होती. आणि मालमत्तेचा मोठा भाग इजिप्तबाहेर होता. शिवाय नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तुरुंगाची शिक्षा होती. कायदा करणारा, मालमत्ता घेणारा आणि मोबदला कधी द्यावयाचा हे ठरवणारा एकच. १८६४ मध्ये पंचाच्या आसनावर एक पक्ष बसला होता. १९५६ मध्ये दुसरा बसला. जशास तसे म्हणून हे समजण्यासारखे आहे, पण न्याय म्हणून ते पुरेसे नव्हते.

ब्रिटन व फ्रान्स यांचे म्हणणे असे की कंपनी आंतरराष्ट्रीय स्वरूपाची आहे. इजिप्तने १८६६ चे ते सोळावे कलम पुढे केले: ही इजिप्तची कंपनी आहे, आणि आपल्या देशातील कंपनीचे राष्ट्रीयीकरण करण्याचा हक्क प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. जहाजांना मार्ग खुला ठेवण्याचे वचन १८८८ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या तहात होते. कंपनीची मालकी हा निराळा प्रश्न. ऑगस्टमध्ये लंडनला २२ राष्ट्रांची परिषद भरली. इजिप्त तिला गेला नाही. भारताचे प्रतिनिधी व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सुचवले की इजिप्तची मालकी मान्य करून वापरणाऱ्या राष्ट्रांचे सल्लागार मंडळ जोडावे. १८ राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय नियंत्रणाची योजना उचलून धरली. भारत, सिलोन, इंडोनेशिया आणि सोव्हिएत संघ यांनी ती मानली नाही. सप्टेंबरच्या मध्यात बहुतेक परदेशी वाटाडे काम सोडून गेले. आता कालवा बंद पडणार, असे युरोपातले जाणकार म्हणत होते. इजिप्ती वाटाड्यांनी आणि मदतीला आलेल्या इतरांनी रात्रंदिवस खपून जहाजे पार केली, आणि 'यांना हे जमणार नाही' हा युक्तिवाद पाण्यात बुडाला.

१३ ऑक्टोबरला सुरक्षा समितीने सहा तत्त्वे एकमताने मान्य केली. त्यांतले सहावे तत्त्व असे की कंपनी आणि इजिप्त सरकार यांच्यातील न मिटलेले प्रश्न लवादाने सोडवावेत. तोडगा इतका जवळ आला होता. तरीही २९ ऑक्टोबरला इस्रायलने चढाई केली आणि मागोमाग ब्रिटन व फ्रान्स यांची विमाने आली. परिणाम काय झाला? जो मार्ग खुला राहावा म्हणून युद्ध केले, तो इजिप्तने जहाजे बुडवून बंद पाडला. युरोपात तेलाची टंचाई झाली, पौंड डळमळला, अमेरिकेने आधार देण्याचे नाकारले आणि डिसेंबरात सैन्ये परत गेली. १८८२ मध्ये जे साधन चालले ते १९५६ मध्ये चालेनासे झाले. तोफांच्या जोरावर भांडवल राखण्याचे युग त्या आठ आठवड्यांत संपले.

यापुढची कथा लोक सहसा सांगत नाहीत, कारण तीत धूर नाही आणि धडाका नाही. माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. संयुक्त राष्ट्रांनी गाळ आणि सांगाडे उपसले. एप्रिल १९५७ मध्ये कालवा खुला झाला. २४ एप्रिलला इजिप्तने एक जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवला. १८८८ चा तह आम्ही पाळू. त्याच्या अर्थाविषयी वाद झाल्यास आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मानू. आणि मोबदल्याविषयी समझोता न झाल्यास तो प्रश्न लवादाकडे सोपवू. युद्धात कालवा राखलेल्या देशाने आपण होऊन पंचाचे आसन सोडले होते.

मग जागतिक बँकेने मध्यस्थी केली. बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक आणि त्यांचे सहकारी दोन्ही पक्षांचे पैशाचे कागद घेऊन बसले. कोण बरोबर आणि कोण चूक, हा प्रश्न त्यांनी बाजूस ठेवला. किती द्यावयाचे आणि कसे, एवढेच टेबलावर ठेवले. २९ एप्रिल १९५८ ला रोममध्ये मुख्य मुद्दे ठरले आणि १३ जुलैला जिनिव्हात अंतिम करारावर सह्या झाल्या. इजिप्तने २ कोटी ८३ लाख इजिप्ती पौंड द्यावेत. कंपनीने इजिप्तबाहेरची मालमत्ता आपल्याकडे ठेवावी आणि तिकडची देणीही आपणच भागवावी. १९५६ च्या कायद्यातील ती मेख अशी सामोपचाराने उपटली गेली. पैकी ५३ लाख आधीच परदेशात गोळा झालेल्या जकातीतून वळते झाले. उरलेले २ कोटी ३० लाख १ जानेवारी १९६४ पर्यंत वार्षिक हप्त्यांनी द्यावयाचे होते. इजिप्तने हप्ते चुकवले नाहीत. शेवटचा तर मुदतीपूर्वीच भरला. १९५९ च्या अखेरीस त्याच जागतिक बँकेने कालवा रुंद व खोल करण्यासाठी ५ कोटी ६५ लाख डॉलरचे कर्ज दिले. तीन वर्षांपूर्वी ज्या देशाची पत संपली असे लंडन-पॅरिसमध्ये म्हटले जात होते, त्याचीच ही पत. कंपनीही बुडाली नाही. मिळालेल्या पैशावर तिने वित्तव्यवसाय उभा केला आणि तिचा वारसा आज एका मोठ्या फ्रेंच ऊर्जा कंपनीत नांदतो आहे.

या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जुलै १९६१ मध्ये त्याच नासर सरकारने बँका, विमा कंपन्या आणि मोठे कारखाने राष्ट्रीय मालकीचे केले. मोबदला म्हणून सरकारी रोखे दिले गेले. पुष्कळांच्या हाती त्यांतले थोडेच पडले. पिढ्यान्पिढ्या अलेक्झांड्रियात राहिलेली ग्रीक, इटालियन, सीरियन कुटुंबे गेली, आणि इजिप्ती उद्योजकही हवालदिल झाले. त्यांच्यासाठी सुरक्षा समिती बसली नाही की जागतिक बँक धावली नाही. राजकीय जोखमीची चर्चा होते ती परदेशी भांडवलदाराच्या नावाने. पण कायद्याचे राज्य ढळले की पहिला बळी घरचाच माणूस असतो. परक्याला निदान आपली वकिलात असते. घरच्याला आपल्या न्यायालयाखेरीज दुसरे दार नाही.

सुएझच्या मोबदल्याचा अनुभव जागतिक बँकेने वाया जाऊ दिला नाही. बँकेचे विधिसल्लागार ॲरन ब्रोशेस यांच्या पुढाकाराने १८ मार्च १९६५ रोजी एक आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला झाला आणि १४ ऑक्टोबर १९६६ पासून तो अंमलात आला. राज्ये आणि परदेशी गुंतवणूकदार यांच्यातील तंटे सोडवण्यासाठी त्याने एक कायमचे केंद्र निर्माण केले. सम्राटही नको आणि आरमारही नको. दोन्ही पक्षांनी निवडलेले पंच हवेत, ही त्यामागची कल्पना. कल्पना उत्तम, पण तिचाही इतिहास निर्दोष नाही. हे पंच बहुधा श्रीमंत देशांतले, खर्च अवाढव्य, आणि सार्वजनिक हिताच्या कायद्यालाही करारभंग ठरवण्याची त्यांची प्रवृत्ती, अशा तक्रारी विकसनशील देशांनी केल्या आहेत. १८६४ च्या निवाड्याची आठवण ज्यांना आहे त्यांना त्या अनाठायी वाटणार नाहीत.

भारत त्या करारात आजवर सामील झालेला नाही. मात्र ६ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी संसदेचे काम करणाऱ्या घटना समितीत परदेशी भांडवलाविषयी निवेदन केले होते. देशी व परदेशी उद्योगांत भेद करणार नाही, नफा बाहेर नेता येईल आणि राष्ट्रीयीकरण झाल्यास न्याय्य मोबदला मिळेल, अशी ती तीन वचने होती. या वचनांची परीक्षा पुढे आपल्याकडेही झाली. महाराष्ट्रातील श्रोत्यांना दाभोळचा वीजप्रकल्प आठवत असेल. स्पर्धात्मक निविदा न मागवता १९९३ मध्ये झालेला वीजखरेदीचा करार, १९९५ मध्ये सत्तांतरानंतर तो रद्द होणे, १९९६ मध्ये नव्याने झालेला समझोता, आणि २००१ मध्ये बिलांवरून शेवटचे बिनसणे. त्या प्रकरणाचा धडा सुएझचाच आहे. ज्या कराराची वाटाघाट लोकांना न दाखवता होते, त्याला पुढे लोकांचा आधार मिळत नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीला कोल इंडियाविरुद्ध २००२ मध्ये लवादाचा निवाडा मिळाला. पण आपल्या न्यायालयांत तो नऊ वर्षे अडकला. नोव्हेंबर २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय पंचांनी भारताला दोषी धरले. कोणी मालमत्ता हिरावली नव्हती, कोणी वचन नाकारले नव्हते. केवळ विलंब हाच दोष. यानंतर सरकारने जुने गुंतवणूक-करार मोडीत काढले आणि नव्या नमुन्यात अशी अट घातली की परदेशी गुंतवणूकदाराने आधी भारतीय न्यायालयांत ५ वर्षे दाद मागावी. सार्वभौम देशाला हे शोभते. पण त्या पाच वर्षांत निकाल लागेल याची हमी देण्याची जबाबदारीही मग आपलीच होते. आणि ती पार पाडली तर तिचा पहिला लाभ परदेशी कंपनीला नव्हे, आपल्याच जिल्ह्यातील छोट्या कारखानदाराला आणि ठेकेदाराला होईल.

सुएझच्या शंभर वर्षांत भांडवलाने रक्षणासाठी अनेक उपाय करून पाहिले. राजाची मैत्री, आपल्या सम्राटाचा निवाडा, कर्जाचा आयोग, आरमार. प्रत्येक उपाय काही काळ लागू पडला आणि प्रत्येकाने पुढच्या वादाचे बी पेरले. टिकला तो एकच समझोता. त्यात कोणा एका पक्षाची जीत नव्हती, रक्कम दोघांनी मोजून ठरवली होती आणि पंच दोघांच्याही घरचा नव्हता. ज्या देशाला वेठीच्या काळात कोणी विचारले नाही, त्याने समान आसनावर बसून दिलेला शब्द मात्र मुदतीच्या आत पाळला.

म्हणून करारनाम्याचे ते शेवटचे कलम आधी वाचावे, आणि ते लिहिताना एक साधी कसोटी लावावी. उद्या निकाल आपल्या विरुद्ध गेला, तरी आपण तो मानू का? दोन्ही पक्षांना मनापासून 'हो' म्हणता येत असेल, तर सही करण्यास हरकत नाही.